खापरपणजोबांची डिस्टिलरी: मालक, मजूर की अबकारीचा माणूस?

नमस्कार ताई,

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्या लेकीचं सासर ग्लासगोचं. विहीणबाई सांगतात की त्यांच्या पणजोबांची, म्हणजे जावयाच्या खापरपणजोबांची, कॅम्पबेलटाउनला व्हिस्कीची डिस्टिलरी होती. नाव आर्चिबाल्ड, आडनाव ‘मॅक’ने सुरू होणारं. १९२५ च्या सुमारास सगळं बुडालं आणि घर ग्लासगोला आलं. पुरावा म्हणून घरात एक दगडी मातीचा जग आणि कामगारांच्या घोळक्याचा एक फोटो आहे. तुम्ही एका कंपनीला मेल केलात, तर ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. नातीच्या बाराव्या वाढदिवसाला वंशवृक्ष द्यायचाय आणि गाडी तिथेच अडलीय.

मी ग्लासगोत बसून लोकांच्या घराण्यांचे कागद शोधून देण्याचं काम करते, त्याला आता अठरा वर्षं झाली. ‘आमची डिस्टिलरी होती’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी ते ‘आमचं कुणीतरी डिस्टिलरीत होतं’ असंच ऐकते. पिढ्यान्‌पिढ्या सांगताना ‘-त’ गळतो आणि ‘-ची’ चिकटते. विहीणबाई खोटं सांगताहेत असं अजिबात नाही. त्यांनी जे ऐकलं तेच त्या सांगताहेत.

तुमची चूक एवढीच झाली की तुम्ही सुरुवात डिस्टिलरीपासून केलीत. साध्या कामगाराचं नाव कंपनीच्या दप्तरात जवळजवळ कधीच सापडत नाही. आठवड्याचा पगार रोख मिळायचा, पगाराची वही वर्षअखेर कामाची राहत नसे, आणि कंपनी बंद पडली की वह्या पहिल्या रद्दीत. आपल्याकडेही तेच आहे की. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत घराण्याची नामावळ सापडते, पण पणजोबा गिरणगावात ज्या गिरणीत साच्यावर उभे राहिले त्या गिरणीकडे त्यांचा मागमूस नसतो. नोंदी ठेवतं कोण? ज्याला कर वसूल करायचाय तो, आणि ज्याला माणसाच्या पापपुण्याचा हिशेब ठेवायचाय तो. स्कॉटलंडमध्ये हे दोघेही फार चिकट होते. म्हणून कंपनीला विसरा आणि सरकार व चर्च या दोघांच्या दारात जा.

कॅम्पबेलटाउनबद्दल दोन गोष्टी आधी डोक्यात ठेवा. हे गाव स्कॉटलंडच्या पश्चिमेला किंटायर नावाच्या लांबच लांब भूशिराच्या जवळजवळ टोकाला आहे. १८८५ ते १८८७ या काळात आल्फ्रेड बर्नार्ड नावाचे गृहस्थ ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या दीडशेहून जास्त डिस्टिलऱ्या पाहत फिरले, तेव्हा या एवढ्याशा गावात त्यांना २१ चालू डिस्टिलऱ्या सापडल्या. हेझलबर्न, स्प्रिंगबँक, लाँगरो, रिक्लाखन, डालिंटोबर, किनलॉक, बेनमोर, ग्लेनगाइल... एकेका गल्लीत दोनदोन. त्यानंतर ब्लेंड करणाऱ्या, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून विकणाऱ्या व्यापाऱ्यांची आवड बदलली, इथल्या मालाचं नाव खराब झालं, १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली, आणि १९३४ नंतर जुन्यांपैकी दोनच उरल्या, स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया. त्यामुळे तुमची ‘१९२५ ला सगळं बुडालं’ ही आठवण मला पटते. त्या एका दशकात तिथे डझनभराहून जास्त चिमण्या थंड पडल्या. मालक बुडाला तेव्हा मजूरही बुडाला, आणि दोघांच्या नातवंडांनी वाक्य एकच सांगितलं.

आता कामाला लागू. पहिला कागद आर्चिबाल्डचा काढायचा नाही, विहीणबाईंचा स्वतःचा जन्मदाखला काढायचा. तो घरातच असेल, पण संक्षिप्त नको, पूर्ण नोंद हवी. स्कॉटलंडच्या जन्मनोंदीत एक रकाना असा आहे की जो इंग्लंडच्या नोंदीत नाही: आईवडिलांचं लग्न कोणत्या तारखेला, कुठे झालं. १८६१ पासून हा रकाना कायम आहे. म्हणजे एक दाखला हातात आला की पुढच्या दाखल्याचा पत्ता त्यातच लिहिलेला असतो. विहीणबाईंच्या दाखल्यावरून त्यांच्या आईवडिलांचं लग्न सापडेल. स्कॉटिश लग्ननोंदीत वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावं, वडिलांचा धंदा आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. तिथून त्यांच्या वडिलांचा जन्म, त्यावरून आजोबांचं लग्न, आणि आजोबांच्या लग्ननोंदीत ‘वराचे वडील’ या जागी आर्चिबाल्ड, धंद्यासकट. चार कागदांत तुम्ही खापरपणजोबांच्या दारात उभ्या.

हे सगळं पुण्यात बसून होतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘स्कॉटलंड्स पीपल’ नावाची सरकारी साइट आहे. नाव नोंदवणं आणि सूची शोधणं फुकट, मूळ पानाची प्रतिमा उघडायला सहा क्रेडिट, म्हणजे दीड पौंड. जन्म १०० वर्षांच्या आतला, लग्न ७५ वर्षांच्या आतलं किंवा मृत्यू ५० वर्षांच्या आतला असेल तर प्रतिमा ऑनलाइन दिसत नाही, दाखला मागवावा लागतो. तुमच्या हिशेबाने विहीणबाईंचे वडील १९२० च्या आसपासचे, म्हणजे ते नुकतेच या कुंपणातून बाहेर पडलेत. वर्गणी घेणाऱ्या खासगी साइटवर कुणीतरी आयता लावून ठेवलेला वंशवृक्ष सापडेल, त्याला हात लावू नका. अशा झाडांवर आई मुलापेक्षा चार वर्षांनी लहान असलेली मी पाहिली आहे.

एक धोका लग्ननोंदीतच आहे. लग्नाच्या बायोडेटात बापाचा हुद्दा चढतोच, हे तुम्हाला मी काय सांगणार! तिथेही तसंच. मुलाच्या लग्नात वडील ‘डिस्टिलर’ असतात, त्यांच्या स्वतःच्या मृत्युनोंदीत ‘डिस्टिलरी मजूर’. दोन्हींत फरक आला तर मी मृत्युनोंदीवर विश्वास ठेवते, विशेषतः माहिती देणारा शेजारी असेल तर. शेजाऱ्याला कुणाचा मान वाढवायचा नसतो.

मृत्युनोंद तरीही शांतपणे वाचा, कारण स्कॉटिश मृत्युनोंद हा आमच्या धंद्यातला सर्वांत सोन्यासारखा कागद. १८५५ च्या १ जानेवारीला सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हापासून त्यात मृताच्या आईवडिलांची दोघांचीही नावं मागतात. आर्चिबाल्ड १९३० मध्ये सत्तरीत गेला असेल तर त्या एका पानावर त्याच्या बायकोचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव आणि ‘एम. एस.’ अशा दोन अक्षरांपुढे तिचं माहेरचं आडनाव, मृत्यूचं कारण, डॉक्टर आणि माहिती देणाऱ्याची सही असेल. सहीच्या जागी फुली असेल तर ती फुली मारणाऱ्याला लिहिता येत नव्हतं. फुली मारणारी मुलगी मालकाची असण्याची शक्यता किती, ते तुम्हीच ठरवा.

समासात ‘आर. सी. ई.’ अशी तीन अक्षरं आणि एक आकडा दिसला तर थांबा. ती दुरुस्ती नोंदवहीची खूण. मृत्यू अचानक किंवा अपघाती असेल तर सरकारी वकिलाने चौकशी करून जो निष्कर्ष काढला तो त्या दुसऱ्या वहीत असतो. डिस्टिलरीत अपघात कमी नव्हते. आंबवण्याच्या मोठ्या लाकडी पिंपात कर्बवायू साचतो, साफ करायला आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. उकळत्या पाण्याने भाजणं, मजल्यावरून धान्याची पोती अंगावर येणं हेही होतं. १८९५ च्या कायद्यानंतर कामावरच्या अपघाती मृत्यूची शेरीफ कोर्टात जाहीर चौकशी व्हायची. तिचे कागद मिळाले तर त्यात डिस्टिलरीचं नाव, पाळी, सोबतचे साक्षीदार, सगळं येतं. दुर्दैवाने मेलेल्या मजुराबद्दल आपल्याला सुखाने जगलेल्या मजुरापेक्षा दहापट जास्त कळतं.

यानंतर जनगणना. १८४१ पासून दर दहा वर्षांनी, आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची १९२१ ची. ती १०० वर्षं बंद राहून २०२२ च्या अखेरीस उघडली. त्या वर्षी पहिल्यांदा माणूस कुणाकडे आणि कुठे काम करतो हेही विचारलं होतं. घर १९२५ ला हललं असेल तर १९२१ मध्ये ते कॅम्पबेलटाउनलाच होतं, आणि आर्चिबाल्ड किंवा त्याचा मुलगा यांपैकी एकाच्या ओळीत डिस्टिलरीचं नाव लिहिलेलं असण्याची चांगली शक्यता आहे. सगळ्या कंपन्यांना मेल करण्याऐवजी हे एक पान उघडा.

जुन्या जनगणनांत मी सगळ्यात आधी काय पाहते सांगू? खिडक्या. १८६१ पासून स्कॉटलंडच्या जनगणनेत शेवटच्या बाजूला एक रकाना आहे: खिडकी असलेल्या खोल्या किती. घरात नऊ माणसं आणि त्या रकान्यात ‘१’ असा आकडा, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मालकीची गोष्ट आपोआप मिटते. डिस्टिलरी मालकांच्या घरी तिथे दहा-बाराचा आकडा असतो आणि खाली स्वयंपाकीण, मोलकरीण अशी वेगळी नावं. १८९१ पासून मालक की नोकर असाही रकाना आला, तो खूण करून भरलेला असतो. त्याच वर्षीच्या पानावर भाषेचा रकाना पाहा: गेलिक (तिकडची जुनी बोली), की गेलिक आणि इंग्रजी दोन्ही. १९११ ला लग्न होऊन किती वर्षं, मुलं किती झाली, किती जगली हेही विचारलं. आठ झाली, पाच जगली असं वाचताना दर वेळी हात क्षणभर थांबतो.

धंद्याचे शब्द मात्र नीट ओळखावे लागतात. ‘मॉल्टमन’ म्हणजे जव भिजवून, जमिनीवर पसरून, त्याला मोड आणणारा. आपण मटकी फडक्यात बांधतो, तो टनावारी जव फरशीवर पसरायचा आणि दर काही तासांनी लाकडी फावड्याने उलटायचा, रात्रीसुद्धा, नाहीतर मुळं एकमेकांत गुंतून सतरंजी तयार होते. वर्षानुवर्षं हे करून खांदा एका बाजूला उतरायचा. ‘मॅशमन’ म्हणजे मोडाचं पीठ गरम पाण्यात कालवणारा, ‘स्टिलमन’ तांब्याच्या भट्टीवरचा, ‘कूपर’ पिंपं घडवणारा. कूपर मोठ्या मानाचा कारागीर, त्याची उमेदवारी वेगळी, मजुरी वेगळी. ‘ब्रूअर’ वाचून बिअर समजू नका. डिस्टिलरीतला ब्रूअर हा कालवण आणि आंबवण यांवर देखरेख करणारा, बऱ्याचदा मालकाच्या खालोखाल. आणि नुसता ‘डिस्टिलर’ हा शब्द सगळ्यात फसवा. तो मालकही असू शकतो आणि स्वतःला जरा वर लावणारा स्टिलमनही.

मालक आणि मजूर याशिवाय एक तिसरीच शक्यता असते, ती लोक विसरतात. डिस्टिलरीच्या आवारात राहणारा, चाव्या कमरेला असणारा, सगळे ज्याला वचकून असत असा माणूस म्हणजे अबकारीचा अधिकारी. भट्टीतून पडणारी धार काचा बसवलेल्या पितळी पेटीतून जायची आणि पेटीला कुलूप सरकारचं. गोदामाला दोन कुलपं, एक कंपनीचं, एक राजाचं. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. ही पद्धत थेट १९८३ पर्यंत चालली. अशा माणसाच्या नातवंडांना ‘आजोबांकडे डिस्टिलरीच्या चाव्या असायच्या’ एवढंच आठवतं, आणि पुढचं ते स्वतः जोडतात. ओळखायचं कसं? मुलांची जन्मस्थळं पाहा. थोरला एल्गिनला, मधली आयलावर, धाकटा ग्रीनकला, तान्हं कॅम्पबेलटाउनला असं असेल तर बाप बहुधा अबकारीतला. गावकऱ्यांशी फार गूळपीठ होऊ नये म्हणून त्यांच्या सतत बदल्या होत. आपल्याकडच्या तलाठ्यासारखंच. १८४९ मध्ये हे खातं महसूल खात्यात मिसळलं, त्यामुळे पुढच्या जनगणनांत ‘इनलँड रेव्हेन्यू’ असा शब्द असतो. अशांचे १८२० ते १८७० मधले नोकरीला लागतानाचे अर्ज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वय, जन्मगाव, शिक्षण आणि चारित्र्याचा दाखला सगळं एका जागी. ‘मॅक’वाला आर्चिबाल्ड तुम्ही सांगता तसा कॅम्पबेलटाउनलाच मुरलेला असेल तर ही शक्यता मावळते, पण त्याचे वडील किंवा सासरे निघू शकतात.

आता मालकी खरीच होती का, याचा सरळ निकाल लावणारा कागद: मूल्यांकन पट. १८५५ पासून दर वर्षी प्रत्येक घर, शेत, कारखाना यांची नोंद, मालक कोण, भाडेकरू कोण, प्रत्यक्ष राहणारा कोण आणि वार्षिक भाडं किती. हुबेहूब आपला सातबारा, मालक एका बाजूला आणि कूळ दुसऱ्या. ठरावीक वर्षांचे पट त्याच सरकारी साइटवर आहेत, १८५५, १८६५, १८७५ असे करत १९४० पर्यंत. कॅम्पबेलटाउनच्या पटात ‘डिस्टिलरी’ शोधून मालकाच्या रकान्यात कोण आहे ते पाहा, मग आर्चिबाल्डचं घर पाहा. घराचा मालक डिस्टिलरीवालाच असेल तर ते कंपनीचं घर, म्हणजे नोकरी सिद्ध. चार पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहणाऱ्याचं नाव लिहायची सक्ती नव्हती. त्यामुळे नाव नाही म्हणजे माणूस नाही असं समजू नका. नाव नाही म्हणजे गरीब, एवढं मात्र समजायला हरकत नाही.

आणि समजा, नशिबाने तो मालक किंवा भागीदार निघालाच, तर रस्ता बदलतो. भागीदारी मोडल्याच्या आणि दिवाळखोरीच्या नोटिसा ‘एडिनबरा गॅझेट’मध्ये छापून येत, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट शोधता येतात. बंद पडलेल्या स्कॉटिश कंपन्यांच्या फायली एडिनबराच्या अभिलेखागारात आहेत, त्यांत भागधारकांच्या याद्या असतात. मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी १९२५ पर्यंतची सरकारी साइटवर मिळते. डिस्टिलरी पुढे मोठ्या समूहात गेली असेल तर दिआजिओ या मोठ्या मद्यकंपनीचं अभिलेखागार क्लॅकमननशरमधल्या मेन्स्ट्री गावी आहे, आणि ग्लासगो विद्यापीठात स्कॉटिश उद्योगांच्या दप्तरांचा मोठा संग्रह. तिथे लिहिताना ‘आमचे पूर्वज शोधून द्या’ असं लिहू नका. अमुक डिस्टिलरी, अमुक वर्षं, अमुक नाव, आणि त्याचा पुरावा म्हणून अमुक पटाचं पान, असं लिहा. तुम्हाला जे दोन ओळींचं उत्तर आलं त्याचा दोष मी समोरच्याला देणार नाही. त्यांच्याकडे रोज अशी डझनभर पत्रं येतात आणि त्यांतल्या अर्ध्यांत वर्षसुद्धा नसतं.

कॅम्पबेलटाउनची मालक घराणी बरीचशी सतराव्या शतकात एअरशर वगैरे भागांतून इथे वसवलेल्या लोलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागातल्या शेतकऱ्यांची. मिचेल, कोल्विल, ग्रीनलीस, रॅल्स्टन अशी आडनावं, आणि आपापसांत लग्नं करून सगळे एकमेकांचे साडू-मेहुणे. ‘मॅक’वाले बहुधा मूळचे गेलिक बोलणारे. पण यावरून निकाल देऊ नका, फार तर भुवई उंचवा. सोयरिकी सगळीकडे होतात.

माझीच एक फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांचं काम होतं. १८९१ च्या जनगणनेत कॅम्पबेलटाउनच्या एकाच चाळीत दोन आर्चिबाल्ड, आडनाव तेच, दोघंही मॉल्टमन, वयात दोन वर्षांचा फरक. मी त्यातला एक धरला आणि तीन आठवडे मागे मागे १७८० पर्यंत गेले. सुंदर झाड उभं राहिलं. बिल पाठवायच्या आदल्या संध्याकाळी सहज मृत्युनोंद पुन्हा उघडली, तर आईचं माहेर वेगळं. मी ज्याला धरलं तो चुलतभाऊ! सगळं झाड शेजाऱ्याच्या अंगणातलं. तेव्हापासून माझा नियम: आईचं माहेरचं आडनाव दोन वेगवेगळ्या कागदांवर जुळल्याशिवाय पुढची पिढी मांडायची नाही. स्कॉटलंडमध्ये बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्या नावाने ओळखली जाते, ही आपल्यावर त्या देशाची मोठी कृपा आहे.

एकाच नावाची इतकी माणसं का, तर नावं ठेवायची रीत. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं. आजोबांचं नाव नातवाला, हे आपल्याला शिकवायला नको. पण आजोबा आर्चिबाल्ड आणि त्यांना चार मुलगे असतील तर चारही घरांत थोरला आर्चिबाल्डच, आणि तेही पाच वर्षांच्या अंतरात. त्यात गेलिक नावांचा घोळ. घरी ज्याला गिलेस्पिक म्हणायचे तो कागदावर आर्चिबाल्ड. टॉर्मोडचा नॉर्मन होतो. ऑरिग नावाची बाई एका नोंदीत एफी, दुसरीत युफेमिया आणि तिसरीत हेन्रिएटा असू शकते. आणि आडनावातलं ‘मॅक’ कधी पूर्ण, कधी दोन अक्षरांत, कधी नुसतं ‘एम’ आणि वर टिंब. शोधताना ‘मॅक’ नंतरचा भाग तारा-चिन्ह लावून शोधा, नाहीतर निम्मी माणसं निसटतील.

१८५५ च्या मागे गेलात की सरकार संपतं आणि चर्च सुरू होतं. जुन्या पॅरिश (म्हणजे गावच्या चर्चच्या) नोंदवह्यांत बाप्तिस्मा आणि लग्नं असतात, तीही पाद्रीबुवांच्या मर्जीप्रमाणे त्रोटक. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. त्यामुळे मूल सापडत नसेल तर ते फुटून निघालेल्यांच्या वहीत शोधा. चर्चच्या पंचमंडळाची इतिवृत्तं मात्र मला फार आवडतात, आणि ती ऑनलाइन फुकट चाळता येतात. लग्नाआधीचं मूल, रविवारी पिऊन धिंगाणा, शेजाऱ्याशी भांडण, सगळं नावानिशी. पूर्वज सद्गुणी असले तर हाती काही लागत नाही!

त्याहून मागे कॅम्पबेलटाउनला एक असा खजिना आहे जो दुसऱ्या कुठल्या गावाला नाही. १७९७ पासून १८१७ पर्यंत जाचक करांमुळे इथे परवान्याची एकही डिस्टिलरी नव्हती, आणि गाव अर्थातच कोरडं नव्हतं. सगळी हातभट्टी. रॉबर्ट आर्मर नावाचा तांबट, वर वर नळकामाचा धंदा दाखवून, आत भट्ट्यांची भांडी बनवून द्यायचा. त्याच्या १८११ ते १८१७ मधल्या हिशेबवह्या टिकल्या आहेत: कुणाला भांडं दिलं, किती पैसे आले, किती बाकी. गिऱ्हाइकांत बायका पुष्कळ. चारचौघांनी मिळून एक भट्टी घ्यायची, अगदी भिशीसारखं. त्यानंतर १८२३ चा कायदा आला, दहा पौंडांत परवाना मिळू लागला, आणि कालचे हातभट्टीवाले उद्याचे प्रतिष्ठित डिस्टिलर झाले. तुमच्या आर्चिबाल्डची आजी त्या वहीत निघाली, तर ‘आमची भट्टी होती’ हे विहीणबाईंचं म्हणणं शब्दशः खरं ठरेल, फक्त शंभर वर्षं आधीचं आणि बिनपरवान्याचं.

घरातला तो दगडी मातीचा जग आणि फोटो राहिले. जगाचा तळ उलटा करून फोटो काढा. बाहेर ठसठशीत छापलेलं नाव बहुतेक वेळा किराणा-दारूच्या दुकानदाराचं असतं, डिस्टिलरीचं नव्हे. तळाशी किंवा बुडाजवळ कुंभारखान्याचा ठसा असतो, उदाहरणार्थ ग्लासगोच्या पोर्ट डंडसचा. त्यावरून काळ कळतो, घराणं नाही. फोटो जास्त बोलेल. लाकडी फावडं धरलेले ते मॉल्टमन, हातोडा आणि पायाशी पिंपाचे हूप असलेले कूपर, आणि बाजूला हात मागे बांधून गोल हॅट घातलेला, कुणाकडेच न बघणारा एखादा असेल तर तो बहुधा अबकारीचा. मागची इमारत ओळखायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट पाहता येतात, आजच्या उपग्रहचित्रावर ठेवूनसुद्धा. बऱ्याच डिस्टिलऱ्यांच्या जागी आज घरं आहेत. बेनमोरच्या आवारात बसडेपो आहे.

डीएनए चाचणीचं विचारलं होतंत. करा, पण सगळ्यात शेवटी. किंटायरमध्ये सगळेच सगळ्यांचे चौथे चुलत आहेत.

नातीसाठी एक खाऊ. १९२० साली मासाताका ताकेत्सुरु नावाचा एक जपानी तरुण हेझलबर्नला काम शिकायला आला होता. त्याच वर्षी त्याने रीटा कोवन या स्कॉटिश मुलीशी लग्न केलं आणि पुढे जपानमध्ये स्वतःची व्हिस्की उभी केली. १९२१ च्या पानावर नातीच्या खापर-खापरपणजोबांपुढे हेझलबर्न लिहिलेलं निघालं, तर त्यांनी त्या तरुणाला वही घेऊन हिंडताना पाहिलं असेल असं तिला खुशाल सांगा.

क्रम पुन्हा सांगायचा तर विहीणबाईंच्या दाखल्यापासून त्यांच्या आजोबांच्या लग्नापर्यंतचे चार कागद, मग १९२१ चं पान, मग आर्चिबाल्डची मृत्युनोंद. एवढं हाती आलं की मला आर्चिबाल्डच्या आईचं माहेरचं आडनाव कळवा. तोवर पट आणि चर्चकडे वळू नका. दरम्यान जावईबापूंना एखाद्या शनिवारी कॅम्पबेलटाउनला पिटाळा. ग्लासगोहून बसने चार तासांवर लागतात. गावाबाहेर खाडीकाठी किलकेरनचं जुनं कबरस्तान आहे. दगडावर खडू किंवा पीठ घासू नये, झिजलेली अक्षरं सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आपोआप उठतात. आर्चिबाल्डच्या नावाखाली बायकोचं नाव माहेरच्या आडनावासकट कोरलेलं असेल, तो फोटो जवळून घ्यायला सांगा, आणि एक मागे सरकून, शेजारचे दगडही येतील असा.